अनुराधाशी न बोललेली अडीच वर्षं

सौंसरला आमच्या गल्लीच्या टोकाशी एक हापशी आहे. वत्सला सोमकुवर तिथं पाण्याला आल्या की घरात बसून कळायचं. हापशी कोरडी वाजली तर त्या तिला म्हणायच्या, "काहून वं, आज कोणावर रुसली?" मग पाण्यानं भरत्या पितळी गुंडाशी, दाव्याला ओढ देणाऱ्या शेळीशी, शाळेला निघालेल्या पोरांशी एकाच सुरात बोलणं चालायचं. माझी आई हसायची. म्हणायची, "सावरगावचं माहेर आहे तिचं, जाम नदीच्या काठचं. पूर आला की ओसरेपर्यंत आपण थांबायचं."

ह्या बाई दिवसाचे नऊ तास तोंडातून शब्द काढत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

मोहगाव रस्त्यावर, संत्र्याच्या दोन बागांच्या मधे, नागपूरच्या एका संस्थेचं शिशुगृह होतं. दवाखान्यात सोडलेली, देवळापाशी ठेवलेली मुलं तिथं यायची आणि कागद पूर्ण झाले की परदेशातल्या आईबापांकडे जायची. चौदा पाळणे, दोन आया, एक स्वयंपाकीण आणि सगळ्यांवर सरलाताई. सरलाताई पांढुर्ण्याच्या एका व्यापारी घरातल्या. लग्न केलं नव्हतं. मुलांचं दूध स्वतः चाखून बघितल्याशिवाय बाटलीत भरू द्यायच्या नाहीत. वत्सलाबाई त्यांच्याकडे एक्याऐंशी साली आया म्हणून लागल्या. नवरा दादाराव हंगामात संत्र्याच्या पेट्या ठोकायचा, एरवी मिळेल ते काम. मुलगी पुष्पा पाचवीत होती. वत्सलाबाई स्वतः चौथी शिकलेल्या, सही करायच्या, आणि अंगठा देणाऱ्या बायकांमधे बसून सही करताना पदर नीट करून घ्यायच्या.

पहिलं वर्ष त्या शिशुगृहातही हापशीवरच्यासारख्याच होत्या. मुलं त्यांच्या मागे मागे. त्यातला प्रकाश तीन वर्षांचा, त्यांना 'वच्छामाय' म्हणायचा, त्यांच्या पदराचं टोक धरून अंगणभर फिरायचा. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात तो बेल्जियमला गेला. दोन महिन्यांनी त्याच्या नव्या आईबापांचं पत्र आलं. सरलाताईंनी ते व्हरांड्यात उभं राहून आयांना मराठीत सांगितलं. मुलगा संध्याकाळ झाली की दाराची कडी धरून उभा राहतो, जेवत नाही, आणि दोनच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. ते शब्द त्यांनी ऐकू आले तसे लिहिले होते. सरलाताईंना ते लागले नाहीत. त्यांनी अक्षरं वाचून दाखवली तशी वत्सलाबाईंना लागले.

"माय, चाल," त्या म्हणाल्या. "चाल म्हणून राहिला तो मले."

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, त्याला काय हवं ते आम्हाला कळत नाही, आणि आम्हाला कळत नाही हे त्याला कळतं.

त्या दिवशी सरलाताई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही आयांना बोलावलं. त्यांचं म्हणणं असं होतं की चूक आपली आहे. आपण त्याच्या तोंडात आपली भाषा भरली आणि ती कुणालाच येत नाही अशा घरी त्याला पाठवलं. पाटी कोरी पाठवली तर तिथली अक्षरं लवकर उमटतील, पोराला काही विसरावं लागणार नाही. म्हणून यापुढे जी मुलं बाहेर जायची आहेत त्यांच्याशी बोलायचं नाही. खाऊ घाला, न्हाऊ घाला, तेल लावा, मांडीवर घ्या. पण बोलू नका, गाणं म्हणू नका, नावानं हाक मारू नका. नाव तर तिकडे बदलणारच आहे.

दुसरी आया चंद्रकला मुळातच अबोल, तिला नियम जड गेला नाही. वत्सलाबाईंनी तो सगळ्यांपेक्षा कडक पाळला. दाराची कडी धरलेलं पोर त्यांना दिसत राहायचं. आपला शब्द पुन्हा कुठल्या लेकराच्या गळ्यात अडकू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. घरी आल्या की मात्र बांध फुटायचा. पुष्पा म्हणायची, "माय, तिथं जमा करते अन् सगळं आमच्यावर आणून सांडते का वं?"

अनुराधा आली ती त्र्याऐंशी साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला. दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकायच्या त्या खेळासाठी सगळं पांढुर्णा आणि सावरगाव नदीवर होतं. रेल्वे स्टेशनवर बायकांच्या वेटिंग रूममधे बाकाखाली कुणीतरी तिला ठेवून गेलं होतं. डॉक्टरांनी वय अंदाजे तीन आठवडे लिहिलं. सरलाताईंनी कागदापुरतं नाव दिलं अनुराधा. चार महिन्यांत बेल्जियमच्या एका जोडप्यानं तिला पसंत केलं. आणखी दोन महिन्यांत ती जाणार होती.

पण मधे दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला. परदेशी मुलं पाठवण्याचे नवे नियम झाले, जुन्या फायली परत आल्या, नवे दाखले मागितले गेले. सहा महिन्यांची अडीच वर्षं झाली. कागदांचं काय झालं हे सरलाताई दर आठवड्याला नागपूरला विचारायच्या. न बोलण्याचा नियम सहा महिन्यांसाठी ठीक होता की अडीच वर्षांसाठी, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. पोर आज ना उद्या जाणार म्हणून गप्प बसायचं, एवढंच चालू राहिलं.

ह्या अडीच वर्षांबद्दल वत्सलाबाई मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेल्या. सकाळी पायांवर आडवं घेऊन त्या तिला तेल लावायच्या, तेव्हा ओठ आत ओढून धरायच्या. सातव्या महिन्यात ती 'ता, ता' असं काही म्हणायला लागली. वत्सलाबाईंच्या तोंडाकडे बघून म्हणायची आणि थांबायची. आपल्या तोंडून चुकून उत्तर जाईल म्हणून त्या मान वळवायच्या. दोनेक महिन्यांनी तिनं ते सोडून दिलं.

"मले बरं वाटलं ताई तवा," त्या म्हणाल्या होत्या. "म्हटलं, समजदार हाय पोट्टी."

वर्षाची झाली तरी ती आधाराशिवाय बसेना. दीड वर्षाची झाल्यावर उभी राहिली. दोन वर्षांची होता होता चालली, तेही पाळण्याच्या कडेकडेनं. बाकीचा वेळ पाळण्यात बसून पुढे-मागे डोलायची. मागून कुणी आलं तर वळून बघायची नाही. नागपूरचे डॉक्टर यायचे ते म्हणायचे, वजन कमी आहे म्हणून मागे आहे, तिकडे दूध-अंडी मिळाली की सहा महिन्यांत भरून निघेल. दर तीन महिन्यांनी नागपूरहून इंग्रजीत टाइप केलेला प्रगतीचा कागद यायचा. सरलाताई त्यात वजन आणि उंची भरायच्या, आणि खाली सांभाळणारीच्या जागी वत्सलाबाई सही करायच्या.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ती गेली. वत्सलाबाई जीपमधून तिला मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत गेल्या. संस्थेच्या दारात एका गोऱ्या बाईनं तिला घेतलं. पोरीनं ना हात मागे पसरले, ना ती रडली.

"बघितलंस?" सरलाताई म्हणाल्या. "प्रकाशनं केवढा आकांत केला होता."

येताना बसमधे वत्सलाबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला सौंसर येईपर्यंत सांगितलं, की एक पोरगी आज विमानात बसून राहिली, अन् तिच्या डोळ्यात पाणी नाई.

जूनमधे मी सुट्टीवर घरी होते. नागपूरला मराठीत एम.ए.चं पहिलं वर्ष संपलं होतं. दुपारी वत्सलाबाई आल्या, हातात एक रजिस्टर पाकीट. माझ्या बाबांना, प्रभाकर गुरुजींना, गावातले लोक इंग्रजी पत्रं दाखवायला आणत. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांनी पाकीट माझ्याकडे दिलं.

"माह्या नावानं आलं ताई. फारेनातून. सरलाबाईनं फोडलंबी नाई, म्हणे तुह्यं हाय, तूच घे."

आत पत्र होतं, एक कोरी कॅसेट होती आणि एक फोटो. फोटोत जाड गालिच्यावर अनुराधा बसली होती. केस कापलेले, अंगात लोकरीचा लाल सदरा, नजर खाली. मी पत्र आधी मनात वाचायला लागले.

"मोठ्यानं वाच ना वं. मनातलं मले काय समजन?"

पत्र मार्लीन नावाच्या बाईचं होतं, अनुराधाच्या नव्या आईचं. तिचं स्वतःचं इंग्रजी साधं, थोडं चुकतमाकत. निघतानाच्या फोटोत मुलीला मांडीवर घेतलेल्या बाईचं नाव तिनं संस्थेकडून मागून घेतलं होतं. तिनं लिहिलं होतं की मुलगी चार महिन्यांत एक शब्द बोललेली नाही, त्यांच्या भाषेतला नाही आणि कुठलाच नाही. हाक मारली तर बघत नाही. कान तपासले, कान चांगले आहेत. भिंतीशी बसून डोलते. डॉक्टरांची एक समिती सप्टेंबरमधे तिला तपासणार आहे. मूल पहिली भाषा ऐकून ओळख दाखवतं का, हे त्यांना बघायचं आहे. ओळख दाखवली तर तिची बुद्धी शाबूत आहे, नव्या भाषेला वेळ लागतोय एवढंच, असं ते धरतील आणि तिला घरी ठेवून शिकवतील. नाही दाखवली तर मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत घालावं असं त्यांचं मत होईल. मार्लीनला आणि तिच्या नवऱ्याला ते नको होतं. म्हणून तिची विनंती होती: तुम्ही तिला ज्या नावानं हाक मारत होता ते नाव, जी गाणी म्हणत होता ती गाणी, पाणी, दूध, ये, झोप ह्यांना जे शब्द वापरत होता ते, सगळं तुमच्या आवाजात ह्या कॅसेटवर भरून पाठवा.

माझं मराठी करत वाचून झालं. वत्सलाबाई फोटो उलटा करून त्याच्या पांढऱ्या पाठीकडे बघत होत्या.

"गाणी," त्या म्हणाल्या.

"हो. तुम्ही म्हणत असाल ती."

"म्या नाई म्हटली."

"मग नुसते शब्द भरू. काय हाक मारायच्या तुम्ही तिला?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. सलग आणि हळू आवाजात, आणि एवढ्या मोठ्या बोलण्यात त्या पहिल्यांदाच कुठे आडवळणाला गेल्या नाहीत. आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली होती. संपल्यावर तिनं पाण्याचा पेला आणला, पण तो वत्सलाबाईंच्या हाती द्यायचं तिला सुचलं नाही.

मी म्हणाले, "हे त्यांना कळवलं पाहिजे. मुलीत दोष नाही. तिच्याशी कुणी बोललंच नाही, तर ती ओळखणार काय? हे डॉक्टरांना कळलं तर ते तिला शाळेत घालणार नाहीत."

"मंग लिहा ना. आत्ता लिहा."

पण त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नाई. आधी बाईले सांगतो. तिच्या पाठीमागून नाई."

आम्ही दोघी शिशुगृहात गेलो. सरलाताई व्हरांड्यात लंगोटांच्या घड्या करत होत्या. आत चौदा मुलं होती, आणि मला तेव्हाच जाणवलं की चौदा मुलांच्या घरात फक्त पाळण्यांच्या कड्यांचा आवाज येतोय.

सरलाताईंनी पत्र दोनदा वाचलं.

"मग म्हण ना एखादं गाणं," त्या वत्सलाबाईंना म्हणाल्या. "चार शब्द बोल, पाठव. मी कुठे नाही म्हणते?"

"खोटं होईन बाई. तिनं कधी ऐकलंच नाई तं ओळखन कशी? ओळखलं नाई की डाक्टर म्हणन, मतिमंद हाय."

"आणि खरं काय लिहिणार? की इथे मुलांशी कुणी बोलत नाही?" त्यांनी हातातला लंगोट खाली ठेवला. "सात मुलांच्या फायली कोर्टात आहेत, वत्सला. अशी एक ओळ गेली तर सातही इथेच राहतील. मग त्यांना काय देशील तू?"

"प्रकाश आता कसा हाय बाई?"

प्रकाशचा फोटो ऑफिसच्या भिंतीवरच होता, सायकलवर बसलेला. तो शाळेत जात होता, त्यांची भाषा घडाघडा बोलत होता, सहा महिन्यांत शिकला असं त्याच्या बापानं लिहिलं होतं.

"त्याले बोलणं माहीत होतं म्हून दुसरं बोलणं आलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "हिले बोलणंच माहीत नाई."

"मला त्यात तिचं भलं वाटलं होतं."

"मले बी वाटलं, बाई. तुमच्यावर नाई ढकलून राहिली मी."

सरलाताईंनी पत्राची घडी घातली आणि ते परत दिलं. "माझ्या परवानगीनं काही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "न विचारता गेलं तर इथली नोकरी जाईल. हे मी तुला आत्ताच सांगते, नंतर म्हणू नकोस."

दोन दिवस वत्सलाबाई हापशीवर आल्या नाहीत, पुष्पा यायची. तिसऱ्या दिवशी त्या देवीदासच्या दुकानातून टेपरेकॉर्डर घेऊन आमच्याकडे आल्या. देवीदास लग्नाला, जयंतीला भोंगे लावायचा. तो मशीन पोचवायला बरोबरच आला होता.

"जय भीम गुरुजी. वहिनी आता रेडिओवर चालली म्हणते. सौंसरचं नाव करन."

"तू जा बरं," वत्सलाबाई म्हणाल्या. "लोकाचं मशीन हाय म्हून ऐकून घेऊन राहिली."

बाबा अंगणात जाऊन बसले. मी बटण दाबलं. फीत फिरायला लागली आणि वत्सलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. अशी पाच मिनिटं गेली. मी फीत मागे नेली. म्हणाले, पुष्पाला झोपवताना म्हणायच्या ते म्हणा, निदान तुमचा आवाज तरी तिला लागेल. त्यांनी दोन ओळी म्हटल्या, मधेच खोकला आला, आणि त्या थांबल्या.

"हे पुष्पाचं हाय," त्या म्हणाल्या. "तिचं नाई."

मी मशीन बंद करायला हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला आणि बोलायला लागल्या. कॅसेटची ती बाजू पूर्ण भरेपर्यंत बोलल्या.

"अनुराधा. तुह्यं नाव अनुराधा होतं इथं. मी वत्सला. तुले तेल लावे ते मी. तू ता ता म्हणे तं मी मान फिरवत होती. तुह्यावर राग नाई होता वं. मले वाटलं, तुले सोपं जाईन. हे पाणी. याले आमी पाणी म्हणतो. हे दूध. आता तिथं दुसरं म्हणत असन, ते शिक. तुह्या मायले ऐक. ते बोलते तं तिच्या तोंडाकडे पाह्य. ते मान फिरवणार नाई..."

त्यांच्या बोलण्यात शेळी आली, पुष्पाची परीक्षा आली, हापशी आली. अडीच वर्षांत जे घरी आणून सांडलं होतं तेच सगळं आता तिकडे चाललं होतं.

मी इंग्रजीत दोन पानं लिहिली. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले: शिशुगृहाचा नियम, त्याचं कारण, अडीच वर्षं, ता ता. दोष मुलीचा नाही, सांभाळणाऱ्यांचा आहे, हे अगदी वर लिहिलं. मला तेव्हा चांगलं इंग्रजी लिहिण्याची हौस होती. मी वाक्यं दोन-दोनदा घासूनपुसून घेतली. वत्सलाबाईंनी खाली सही केली, पदर सावरून. पाकीट आम्ही पोस्टात रजिस्टर केलं, आणि तिथून त्या सरळ शिशुगृहात जाऊन सरलाताईंना सांगून आल्या. सरलाताईंनी त्यांना महिनाअखेरपर्यंत ठेवलं. ओरडल्या नाहीत. तो महिना वत्सलाबाईंना पाळण्यांच्या खोलीत जाऊ दिलं नाही, धुण्यावर ठेवलं.

उत्तर नोव्हेंबरमधे आलं. मी दिवाळीला आले होते. आता वत्सलाबाई मोहगावकडच्या एका व्यापाऱ्याच्या मालधक्क्यावर संत्री निवडायला जात होत्या. मी तिथंच गेले. त्या बायकांच्या ओळीत बसल्या होत्या, लहान फळ एका बाजूला, मोठं एका बाजूला. पाकीट बघून त्या उठल्या आणि आम्ही पेट्यांच्या आडोशाला गेलो.

मार्लीननं लिहिलं होतं: कॅसेट डॉक्टरांसमोर लावली. मुलगी तुमच्या आवाजाला वळली नाही, तिच्या जुन्या नावालाही नाही. भिंतीशी डोलत राहिली. फक्त सुरुवातीला गाण्यात तुम्ही खोकलात, तिथे ती थांबली आणि तिनं मान वर केली. आम्ही फीत मागे नेऊन ते तीनदा लावलं. तीनही वेळा तिनं मान वर केली. मी डॉक्टरांना म्हणाले, बघा, ती ओळखते. ते म्हणाले, खोकला ही भाषा नव्हे.

"ओळखलं," वत्सलाबाई म्हणाल्या. त्यांनी माझा दंड धरला. "ओळखलं तिनं मले. तेवढंच तं ऐकलं होतं तिनं माह्यं. थंडीत मले खोकला राहते. अक्कल हाय वं तिले! वाच, मंग ठेवलं ना घरी?"

मी पुढचं वाचलं. समितीनं मुलगी मंदबुद्धी असल्याचं ठरवलं. ऑक्टोबरपासून ती निवासी शाळेत आहे. शनिवारी तिला घरी आणतात, सोमवारी सकाळी सोडतात.

"पण आपण लिहिलं होतं ना? कोणी बोललं नाई म्हून?"

त्याचंही उत्तर पत्रात होतं. मार्लीननं लिहिलं होतं, तुमचं पत्र मी कितीदा वाचलं. इतकं सुंदर पत्र मला कुणी लिहिलेलं नाही. मुलीचा दोष तुम्ही स्वतःवर घेऊ पाहता, एवढं प्रेम तिला मिळालं होतं हे वाचून मला रडू आलं. पण डॉक्टरांसमोर दर तीन महिन्यांचे अहवाल होते. अशा दहा कागदांवर लिहिलं आहे की मुलीशी रोज बोललं जातं, तिला गाणी म्हणून दाखवली जातात, ती हाकेला ओ देते. प्रत्येकावर तुमची सही आहे. डॉक्टर म्हणाले, एवढं करूनही जे मूल बोलत नाही त्याच्यात मूळचीच उणीव असणार. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

मी त्यांना ते शब्दशः सांगितलं. एखादं वाक्य गाळावं असं मला वाटत होतं, पण कुठलं गाळायचं ते कळेना.

"कोणत्या कागदावर?"

"तो टाइप केलेला. सगळ्या मुलांना एकच मजकूर छापलेला असणार. खाली तुम्ही सही करायच्या तो."

वत्सलाबाईंनी उजव्या हाताच्या बोटांवरचा संत्र्याचा चिकटा लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला.

"मले वाटे वजनाचा कागद हाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर आम्ही तीन पत्रं लिहिली. पहिल्यात मी सजवून काहीच लिहिलं नाही. 'कागद खोटा आहे, सही करणारीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मुलगी खोकला ओळखते, तिला घरी आणा,' एवढंच. त्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यानंतर नागपूरहून सरलाताईंना पत्र आलं की माजी कर्मचारी परदेशी कुटुंबांना त्रास देत आहेत, ते थांबवावं, नाहीतर पोलिसांकडे जावं लागेल. सरलाताईंनी ते पत्र बाबांना आणून दाखवलं, आणि बाबांनी मला म्हटलं, आता पुरे.

मी वत्सलाबाईंना विचारलं, चौथं लिहायचं का? त्या म्हणाल्या, "कोणाच्या सहीनं लिहिता? माह्या सहीवर तं तेयचा पक्का विश्वास हाय."

मागच्या वर्षी, सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात, त्यांनी एक नवीन सुरू केलं. मालधक्क्यावर जाताना वाटेत शिशुगृहाचं तारेचं कुंपण लागतं. सकाळी ऊन पडलं की आया मुलांना अंगणात सतरंजीवर आणून बसवतात. वत्सलाबाई तारेशी उभ्या राहायच्या आणि त्यांच्याशी बोलायच्या. "काय रे, दूध पेला का? हा पाह्य, कावळा पाह्य. हे ऊन हाय, ऊन." चंद्रकला हातानं त्यांना जा, जा म्हणायची. कामावर रोज उशीर व्हायचा. मुकादमानं दोनदा घरी पाठवलं. दादाराव भांडला, पुष्पानं तिकडून शाळेला जाणं सोडलं. लोक म्हणायला लागले, सोमकुवरची बायको कामातून गेली.

जानेवारीत सरलाताई आमच्याकडे आल्या. थकल्या होत्या. फायली अडकलेल्या सातपैकी पाच मुलं गेली, नवी आली आहेत, असं सांगत होत्या. नियम आता फारसा पाळत नाही, त्या म्हणाल्या, पण आयांना तशीच सवय पडून गेली आहे, आणि आवर्जून बोला म्हणून सांगितलं की त्या हसतात. आईनं त्यांना चहा दिला. निघताना त्या माझ्याकडे वळल्या.

"वत्सलेला तू समजाव. तुझं ऐकेल ती. रोज कुंपणाशी येऊन उभी राहते."

"येऊ द्या ना ताई," मी म्हणाले. "बोलतेच तर आहे."

"मला का त्रास आहे? मुलं घाबरतात," सरलाताई म्हणाल्या. "तिनं तोंड उघडलं की रडायला लागतात. त्यांना आवाजाची सवय नाही."

चपला घालून त्या पायरी उतरल्या. मी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी जाऊन वत्सलाबाईंना सांगितलं, कुंपणाशी जाऊ नका, मुलं घाबरतात. का घाबरतात ते त्यांनी विचारलं नाही. आता त्या मालधक्क्यावर बागेच्या मागच्या वाटेनं जातात. ती वाट एक मैल लांबची आहे.